रस्त्यावरचं मीठ आणि घराजवळचा ओढा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात किंवा कॅनडात ओंटारिओच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पान आहे. मेरीलँडच्या माँटगमरी काउंटीतली आम्ही काही कुटुंबं हिवाळ्यात आपापल्या घराजवळच्या ओढ्यांमधलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, मोजतो. नवीन येणारी माणसं जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. शास्त्र शिकलेलं असण्याची अट नाही.

रस्त्यावर मीठ टाकल्याने बिघडतं काय? शेवटी ते मीठच ना?

हो, मीठच. खाणीतून काढलेलं जाडं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. ते पाण्यात विरघळलं की पाणी शून्य अंशाच्या खालीही गोठत नाही, म्हणून रस्त्यावर बर्फ धरत नाही. अमेरिकेत याची सुरुवात 1938 साली न्यू हॅम्पशायरमध्ये प्रयोग म्हणून झाली. 1941-42 च्या हिवाळ्यात अख्ख्या देशात सुमारे 5,000 टन मीठ रस्त्यांवर पडलं. आज हा आकडा वर्षाला 2 कोटी टनांच्या आसपास आहे.

बर्फ वितळला की हे सगळं मीठ पाण्याबरोबर गटारात जातं आणि तिथून थेट ओढ्यात. रस्त्यावरचं पावसाचं पाणी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही, हे आपल्यापैकी अनेकांना इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी माहीत नसतं. सोडियमचा काही भाग मातीला चिकटतो आणि तिथलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बाहेर ढकलतो. क्लोराइड मात्र कुठेच अडकून संपत नाही. जंतू त्याचं विघटन करू शकत नाहीत, ते उडून जात नाही, झाडं ते शोषून पाणी गोड करून देत नाहीत. आमटी खारट झाली तर पाणी वाढवता येतं. ओढ्यात वरून ओतायला आपल्याकडे जास्तीचं गोडं पाणी नाही.

मिनेसोटातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराचा हिशोब तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला, तेव्हा दिसलं की टाकलेल्या मिठापैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास मीठ मिसिसिपीतून वाहून जातच नाही. ते तिथल्याच तळ्यांत, मातीत आणि भूजलात साठत राहतं.

किती क्लोराइड म्हणजे जास्त?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1988 साली गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी दोन मर्यादा ठरवल्या. चार दिवसांची सरासरी लिटरला 230 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि एका तासाची सरासरी 860 च्या वर जाऊ नये. कॅनडाची 2011 ची मार्गदर्शक तत्त्वं अधिक कडक आहेत: दीर्घकाळासाठी 120 आणि अल्पकाळासाठी 640. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनच्या मंडळींनी हे कॅनडाचे आकडे धरावेत.

मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं हे फार सोपं करून सांगतं: एक चमचा मीठ 19 लिटर पाणी जलचरांसाठी कायमचं खराब करायला पुरेसं आहे. आता एखाद्या मॉलच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात सांडलेला मिठाचा ढीग डोळ्यांपुढे आणा आणि त्यात किती चमचे असतील ते बघा.

मेरीलँड विद्यापीठातले सुजय कौशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली बाल्टिमोर परिसरातल्या ओढ्यांची मोजणी प्रसिद्ध केली. हिवाळ्यात काही ओढ्यांमधलं क्लोराइड समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडच्या 25 टक्क्यांपर्यंत पोहोचलं होतं. समुद्रापासून दूर, गावातून वाहणाऱ्या गोड्या पाण्याच्या ओढ्यात!

पण मासे तर दिसतात. मग नुकसान नेमकं कुणाचं?

मासे बऱ्यापैकी तग धरतात. आधी जातात ते दगडाखाली राहणारे किडे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांची पिल्लं ओढ्याच्या तळाशी वाढतात आणि माशांचं, बेडकांचं, पुढे पक्ष्यांचं पोट त्यांच्यावर चालतं. तळ्यात हीच गोष्ट डॅफ्नियासारख्या प्राणिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची. ते शेवाळ खातात. ते कमी झाले की पाणी हिरवं आणि गढूळ होत जातं. अमेरिका, कॅनडा, स्पेन आणि स्वीडन या चार देशांत 16 ठिकाणी केलेला एक मोठा प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी सरकारी मर्यादा गाठायच्या आधीच किंवा मर्यादेवरच प्राणिप्लवकांची संख्या निम्म्याहून खाली आली होती. म्हणून 230 च्या खालचा आकडा बघून आम्ही हुश्श करत नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. खारं पाणी जड असल्यामुळे तळ्याच्या बुडाशी बसतं. एरवी वसंतात तळ्याचं वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळतं आणि प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड गावात मिरर लेक नावाचं तळं आहे. तिथे मिठामुळे हे वसंतातलं मिसळणंच अडल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. बुडाला प्राणवायू नाही म्हणजे थंड पाण्यात राहणाऱ्या ट्राउटला जायला जागा नाही.

आपल्या नळाच्या पाण्याशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. हे उत्तर जरा लांब आहे, पण ते पूर्ण वाचा.

जलशुद्धीकरण केंद्रं गाळ काढतात, जंतू मारतात, पण विरघळलेलं मीठ काढत नाहीत. त्यासाठी रिव्हर्स ऑस्मोसिस लागतं आणि अख्ख्या शहरासाठी ते प्रचंड महाग पडतं. नदीत जितकं मीठ, साधारण तितकंच नळात. क्लोराइड 250 च्या वर गेलं की चव कळते. सोडियमसाठी, अगदी कडक पथ्य असलेल्या माणसांच्या दृष्टीने, लिटरला 20 मिलिग्रॅमचा सल्ला आहे. घरी रक्तदाबाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असतील आणि पाणी स्वतःच्या विहिरीचं असेल, तर ते प्रयोगशाळेतून तपासून घ्या. रस्त्याच्या उताराला असलेल्या खाजगी विहिरींकडे कुठलंही सरकारी खातं आपणहून बघत नाही.

खरी भीती पाइपची आहे. क्लोराइड जास्त असलेलं पाणी धातू खातं. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये डेट्रॉइटकडून येणारं ह्युरॉन सरोवराचं पाणी बंद करून फ्लिंट नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली. या पाण्यात क्लोराइड बरंच जास्त होतं. त्याला रस्त्यावरचं मीठ हे एक कारण होतं. शुद्धीकरणात वापरलेल्या रसायनानेही भर घातली. त्यातच पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने सुटे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणं थांबवलं. घरांमध्ये मात्र ते वर्षभर येत राहिलं, आणि जुन्या पाइपमधलं शिसं मुलांच्या पोटात गेलं.

हे उघडकीला आलं त्यात रहिवाशांचा मोठा वाटा होता. 2015 च्या उन्हाळ्यात व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मदतीने लोकांनी आपापल्या नळाचे दोनशेहून अधिक नमुने स्वतः गोळा केले. सामान्य माणसाने बाटलीत भरून आणलेल्या पाण्याला काय किंमत असते, हे कुणी विचारलं की आम्ही फ्लिंटचं नाव घेतो.

सॉल्ट वॉच म्हणजे काय? नाव कुठे नोंदवायचं?

आयझॅक वॉल्टन लीग ही 1922 साली शिकागोत स्थापन झालेली निसर्गसंरक्षण संस्था आहे. तिचं मुख्य कार्यालय आमच्याच काउंटीत, गेदर्सबर्गला आहे. 2018 पासून ती सॉल्ट वॉच हा उपक्रम चालवते. संकेतस्थळावर मागणी नोंदवली की क्लोराइड मोजायच्या पट्ट्यांचा संच टपालाने विनामूल्य घरी येतो. तुम्ही मोजलेला आकडा, जागा आणि फोटो ऑनलाइन नोंदवायचा; तो सर्वांना नकाशावर दिसतो.

न्यू जर्सीत पेनिंग्टनची द वॉटरशेड इन्स्टिट्यूट हे काम जोरात करते. एडिसन, प्लेन्सबरो भागातल्या मंडळींना ती जवळ. ओटावाकडच्यांनी ओटावा रिव्हरकीपरकडे चौकशी करावी.

पट्टी वापरायची कशी?

पट्टी बोटभर लांबीची, पांढऱ्या प्लास्टिकची असते. तिच्या मध्यातून एक अरुंद तपकिरी पट्टा जातो, त्यावर 0 ते 10 असे आकडे, आणि वरच्या टोकाला एक पिवळी आडवी रेघ.

स्वच्छ भांडं ओढ्याच्या पाण्याने दोन-तीनदा विसळा. आदल्या दिवशीच्या ताकाचा पेला धुऊन आणलात तर ताकातलं मीठ मोजाल, म्हणून ही पायरी टाळू नका. वाहत्या पाण्यातून, काठापासून थोडं आत, प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून पाणी घ्या. भांड्यात साधारण इंचभर पाणी ठेवा आणि पट्टी त्यात उभी करा. पिवळी रेघ पाण्यात बुडता कामा नये. पाणी आपोआप वर चढतं. पट्टीत चांदीचं संयुग असतं. क्लोराइड त्याच्याशी संयोग पावलं की तपकिरी पट्ट्यात पांढरं टोक वर सरकताना दिसतं. पिवळी रेघ गडद झाली की पट्टी वाचायला तयार. याला काही मिनिटं लागतात, थंडीत जरा जास्त. ती काही मिनिटं हातमोजे काढून उभं राहणं जिवावर येतं, तेव्हा भांडं सरळ गाडीत घेऊन बसा; त्याने आकड्यात फरक पडत नाही.

पांढऱ्या टोकाचा शेंडा ज्या आकड्याला टेकतो, तो नीट वाचा. हा आकडा म्हणजे क्लोराइड नव्हे. संचाबरोबर आलेल्या तक्त्यात त्याच्यासमोर किती पीपीएम ते दिलेलं असतं. तक्ता त्या-त्या डबीचा वेगळा असतो, म्हणून शेजाऱ्याचा किंवा गेल्या वर्षीचा तक्ता वापरू नका. पाण्यासाठी पीपीएम आणि लिटरला मिलिग्रॅम हे एकच समजा.

टोक पार वर जाऊन थांबलं तर पाणी पट्टीच्या मोजमापाबाहेर आहे. तसंच नोंदवा, अंदाजाने आकडा लिहू नका. वापरलेली पट्टी ओढ्यात किंवा गवतात फेकू नका. तिच्यात क्रोमियमही असतं. छोट्या पिशवीत बंद करून घरच्या कचऱ्यात टाका, आणि लहान मुलं ती तोंडात घालणार नाहीत हे बघा.

कधी मोजायचं?

पहिलं मोजमाप हिवाळ्याच्या आधी, रस्त्यावर मिठाचा एक दाणाही पडलेला नसताना. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच विसरतात. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर फेब्रुवारीतल्या 300 चा अर्थ काय लावणार? त्यानंतर रस्त्यावर मीठ पडल्यावर, मग बर्फ वितळताना किंवा पहिल्या पावसाबरोबर, आणि मग त्यानंतरच्या पावसानंतर. बर्फ पडून दोन दिवसांनी दुपारी ऊन आलं आणि रस्त्याच्या कडेने पाण्याच्या धारा लागल्या, की तीच वेळ. कडक थंडीत सगळं गोठलेलं असताना आकडा बरेचदा फसवा, कमी येतो.

जागा कशी निवडायची?

जिथे तुम्ही पुन्हा पुन्हा जाल अशी. मुलांच्या शाळेच्या वाटेवरची, रोजच्या फिरण्याच्या पायवाटेवरची. सार्वजनिक बागेतून जाता येणारी जागा उत्तम. कुणाच्या खाजगी जमिनीतून जायचं तर आधी विचारा. जमलं तर दोन ठिकाणं घ्या: मोठ्या पार्किंगचं किंवा हायवेचं पाणी जिथे ओढ्याला मिळतं त्याच्या वर एक आणि खाली एक. दोन्हीतला फरकच बोलतो.

गोठलेल्या ओढ्यावर किंवा तळ्यावर पाऊल ठेवू नका. वाहत्या पाण्यावरचा बर्फ कुठे पातळ आहे हे वरून कळत नाही. काठ निसरडा असेल तर पुलावरून दोरीला बादली बांधून पाणी काढा. एकट्याने जाऊ नका.

माझ्या एका पट्टीच्या आकड्याला कोण विचारतं?

एका आकड्यावर कुणी खटला भरणार नाही, हे खरं आहे. 1972 च्या क्लीन वॉटर ॲक्टखाली एखादा ओढा अधिकृतपणे प्रदूषित ठरवायचा तर राज्याला प्रयोगशाळेतली, ठरलेल्या पद्धतीची मोजमापं लागतात. शिवाय 230 ही चार दिवसांची सरासरी आहे आणि पट्टी एका क्षणाचं पाणी सांगते.

पण कुठे शोधायचं हे पट्टी सांगते. सरकारी मोजणी केंद्रं मोठ्या नद्यांवर असतात. टाउनहाउसच्या मागच्या, नावही नसलेल्या ओहोळावर कुणीही नसतं. तिथला आकडा, तारीख आणि फोटो काउंटीच्या 311 या तक्रार क्रमांकावर कळवला तर त्याची नोंद होते. राज्याचा रस्ता असेल तर राज्याच्या महामार्ग खात्याला कळवा. दुकानाच्या पार्किंगमध्ये ढीग असेल तर आत जाऊन व्यवस्थापकाला दाखवा. आमचा अनुभव असा, की फोटो दाखवून शांतपणे बोललं की पुष्कळदा माणसं ऐकतात. त्यांनाही ते मीठ विकतच आणावं लागतं.

आणि तुमच्या एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, बैठकीला जा. बर्फ काढायचं कंत्राट हिवाळा सुरू व्हायच्या बरंच आधी ठरतं. कंत्राटदाराला टाकलेल्या मिठाच्या टनांवर पैसे मिळत असतील तर तो मीठ कमी कशाला टाकेल? कंत्राटाची ही एक ओळ बदलली तर शंभर पट्ट्यांपेक्षा जास्त काम होतं.

मीठ कमी करा म्हणजे लोकांनी घसरून पडायचं का?

नाही. आम्हीही याच रस्त्यांवरून मुलांना घेऊन जातो, आमचेही आई-वडील या पायऱ्या उतरतात. बर्फाळ रस्ता माणसं मारतो आणि मीठ जीव वाचवतं, याबद्दल आमचा कुणाशीही वाद नाही. वाद आहे तो वाया जाणाऱ्या मिठाबद्दल.

जमिनीचं तापमान उणे 9 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साधं मीठ जवळजवळ काम करत नाही. तरी ते ओततात. कोरड्या रस्त्यावर टाकलेले जाडे दाणे चाकांनी उडून कडेला जातात. त्यापेक्षा बर्फ पडायच्या आधी 23 टक्क्यांच्या आसपास मीठ असलेलं पाणी रस्त्यावर फवारलं तर कमी मिठात तेच काम होतं. ट्रकच्या मागे दिसणाऱ्या पांढऱ्या समांतर रेघा त्याच्याच. ट्रकमधून किती मीठ पडतं हे मोजून यंत्र लावणं आणि आधी बर्फ बाजूला सारून मग मीठ टाकणं हे दुसरे उपाय. राज्यांची खाती हे शिकत आहेत. मागे आहेत ती खाजगी पार्किंगं, कारण कुणी पडलं तर दावा लागेल या भीतीने ढिगाने मीठ ओततात. न्यू हॅम्पशायरने यावर चांगला तोडगा काढला: राज्याचं प्रशिक्षण घेऊन, नोंदी ठेवून मीठ टाकणाऱ्यांना अशा दाव्यांपासून कायद्याने संरक्षण दिलं. असा कायदा प्रत्येक बर्फाळ राज्यात हवा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

घरासमोर किती टाकावं?

आधी फावड्याने बर्फ काढा, तो तुडवला जाऊन घट्ट व्हायच्या आत. मग 12 औंसाचा एक कॉफीचा मग भरून मीठ 20 फुटी ड्राइव्हवेला किंवा साइडवॉकच्या साधारण 10 फरश्यांना पुरतं. दाण्यादाण्यात चार बोटांचं अंतर राहील असं पसरा. बर्फ गेल्यावर उरलेले दाणे झाडूने गोळा करून डब्यात ठेवा, पुढच्या वेळी तेच वापरा. फार थंडी असेल तर वाळू टाका. ती वितळवत नाही, पण पाय धरते.

पिशवीवर पर्यावरणपूरक किंवा प्राण्यांसाठी सुरक्षित लिहिलेलं असतं. ते घ्यावं का?

पिशवी उलटी करून घटक वाचा. कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड जास्त थंडीत चालतात, पण क्लोराइड त्यांच्यातही आहेच. काही ठिकाणी बिटाचा रस मिसळतात. त्याने मीठ कमी लागतं, पण ओढ्यात तो सडताना प्राणवायू खातो.

आमच्याकडे वॉटर सॉफ्टनर (कठीण पाणी मऊ करणारं यंत्र) आहे. त्याचाही संबंध आहे का?

आहे. सॉफ्टनरमध्ये घातलेल्या मिठाचं क्लोराइड सांडपाण्यातून नदीत जातं, तेही बारा महिने. पाण्याचा कठीणपणा मोजून यंत्र त्यानुसार लावा. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं, टायमरचं जुनं यंत्र असेल, तर किती पाणी वापरलं ते मोजून चालणारं घ्या.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांना नेलं तर चालेल?

जरूर न्या. हिवाळ्यात घरात बसून कंटाळलेल्या आजी-आजोबांना हे काम फार आवडतं, आणि दिवसा वेळही त्यांच्याकडेच असतो. आमच्यातल्या एका आजींनी वहीत तारीख, हवा, पाण्याचा रंग, आकडा असे रकाने आखून ठेवले आहेत. आमच्या सगळ्यांत नेटकी नोंद त्यांचीच. फक्त बूट चांगली पकड असलेले द्या आणि पाणी काढायला तुम्ही उतरा. मुलांनाही न्या, पण मोठ्या माणसाचा हात धरून.

इथे वापरतो ती पट्टी महाराष्ट्रात नेऊन उपयोग होईल का?

पट्टी चालेल, अर्थ बदलेल. तिथे रस्त्यावर मीठ पडत नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजलच मुळात खारं आहे, किनाऱ्याजवळच्या विहिरींत समुद्राचं पाणी शिरतं, आणि शहरांजवळच्या नद्यांत क्लोराइड वाढलं तर बहुधा सांडपाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात 250 मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड स्वीकारार्ह आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर 1,000 पर्यंत.

मार्चमध्ये बर्फ संपला की काम संपलं?

नाही, आणि उन्हाळ्यातलं मोजमाप आम्हाला हिवाळ्याइतकंच मोलाचं वाटतं. जुलैमध्ये, महिनोन्महिने मीठ पडलेलं नसताना ओढ्यात 100 च्या वर क्लोराइड आलं, तर त्याचा अर्थ बहुधा जमिनीखालचं पाणी खारट होत चाललं आहे. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी भूजलातूनच मिळतं. म्हणून एक-दोन पट्ट्या कोरड्या हवेतल्या एखाद्या उन्हाळी दिवसासाठी राखून ठेवा. डबीचं झाकण घट्ट लावा, पट्ट्यांना दमट हवा चालत नाही, आणि डबीवरची मुदत बघून घ्या. सप्टेंबरच्या सुमाराला नवा संच मागवा, म्हणजे पहिला मिठाचा ट्रक रस्त्यावर यायच्या आधी तुमचं पहिलं मोजमाप झालेलं असेल.